भर दुपारच्या उन्हात जोडप्याचे फोटो: डोक्यावरचा उजेड चेहऱ्यावर कसा आणायचा

सकाळचं कोवळं आणि संध्याकाळचं तिरपं ऊन फोटोला चांगलं, हे आता सगळ्यांनाच माहीत आहे. पण जोडपी काही घड्याळ लावून त्याच वेळी मोकळी होत नाहीत. कुणी प्रवासात असतं, कुणाला दोन कार्यक्रमांच्या मधला तासभर मिळालेला असतो, कुणाला संध्याकाळी परत निघायचं असतं. साडेबारा वाजलेत, ऊन टळटळीत आहे आणि समोर दोन माणसं हौसेने तयार होऊन उभी आहेत. अशा वेळी ‘आता उजेड चांगला नाही’ असं सांगून त्यांचा हिरमोड करणं मला मुळीच पटत नाही. त्या उजेडातही सुंदर फोटो निघतात. फक्त कुठे उभं करायचं आणि कुठे वळवायचं, हे जास्त विचारपूर्वक ठरवावं लागतं.

दुपारच्या उन्हाची खरी अडचण त्याच्या दिशेत आहे. प्रखरपणा कॅमेरा सहज पेलतो, शटर वेगवान केलं की झालं. पण उजेड थेट वरून आला की कपाळ, नाकाचा शेंडा आणि गालांचे उंचवटे पांढरे पडतात, डोळे भुवयांच्या सावलीत बुडतात, नाकाची सावली ओठांवर येते. त्यात आकाशातला सूर्य जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो. उजेडाचा उगम इतका लहान असला की सावल्यांच्या कडा धारदार होतात. त्यामुळे पुढे जे काही सांगतो आहे त्यामागे एकच विचार आहे: वरून येणारा उजेड अडवायचा आणि समोरून किंवा बाजूने येणाऱ्या उजेडाला वाट करून द्यायची.

आधी जमिनीकडे बघा

पोचल्यावर कॅमेरा बाहेर काढण्याआधी स्वतःची सावली बघा. सावली तुमच्या उंचीएवढी असेल तर सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर आहे. उंचीच्या निम्म्याहून थोडी जास्त असेल तर साधारण ६० अंशांवर. सावली पायांपाशी गोळा झाली असेल तर सूर्य डोक्यावर आहे. ४५ अंशांपर्यंत फारशी काळजी नसते, तिरप्या उन्हाच्या पद्धती बऱ्याच अंशी चालतात. त्याच्या वर मात्र प्रत्येक पाच-दहा अंशांनी काम बदलत जातं.

घड्याळावर फार विसंबू नका. सूर्य माथ्यावर येण्याची वेळ आणि घड्याळातले बारा हे सहसा जुळत नाहीत. जिथे उन्हाळ्यात घड्याळं एक तास पुढे करतात तिथे तर ती वेळ दुपारी एकच्याही पुढे जाते. ऋतू आणि अक्षांशाचाही मोठा हात असतो. उत्तरेला ५० अंश अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून १६-१७ अंशच वर असतो, म्हणजे तिथली हिवाळ्यातली दुपार फोटोला मऊच असते. दोन्ही अयनवृत्तांच्या (कर्कवृत्त आणि मकरवृत्त) मधल्या पट्ट्यात मात्र सूर्य वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो. म्हणून ‘दुपारी कसं करायचं’ याचं उत्तर सावली बघूनच द्यावं.

सावलीची लांबी पाहिली की तिची दिशा लक्षात ठेवा. पुढे प्रत्येक निर्णयाला ती लागणार आहे.

जागा निवडताना: वर झाकलेलं, समोर उघडं

दुपारचं सगळ्यात भरवशाचं ठिकाण म्हणजे मोकळी सावली. व्हरांडा, कमान, मोठ्या दाराची चौकट, पुलाखालची कड, उंच भिंतीची सावली, दाट झाडाचा घेर. वर काहीतरी आच्छादन आहे आणि समोर आकाश किंवा उजळ जमीन उघडी आहे, अशी जागा शोधायची. छत वरचा उजेड कापतं, आणि चेहऱ्यावर येतो तो समोरून पसरलेला उजेड. डोळ्यांत चमक येते, नाकाखालची सावली विरघळते.

पण सावलीत कुठेही उभं करून चालत नाही. जोडप्याला सावलीच्या अगदी कडेला, उन्हाच्या रेषेपासून एक-दोन पावलं आत उभं करा आणि तोंडं बाहेर, उजेडाकडे. मग त्यांना एकेक पाऊल आत सरकवत चेहऱ्याकडे बघत राहा. कडेला उजेड जोरदार आणि सपाट वाटेल, आत जाता जाता गालाला हलकी छटा येईल, आणखी आत गेलं की डोळ्यांतली चमक मंदावेल. चमक टिकून आहे आणि छटाही आहे, अशी एक जागा मधे सापडते. ती सापडेपर्यंत घाई करू नये.

समोरची जमीन कशी आहे, हेही बघा. सावलीच्या कडेबाहेर उन्हात तापलेली फिकट फरशी, वाळू किंवा सिमेंट असेल तर ते मोठ्या रिफ्लेक्टरचं (उजेड परतवणाऱ्या फलकाचं) काम करतं, हनुवटीखाली आणि डोळ्यांत उजेड भरतं. काळा डांबरी रस्ता असेल तर काहीच परत मिळत नाही. हिरवळ असेल तर उजेड मिळतो, पण हिरवट. गळ्यावर आणि हनुवटीखाली ती हिरवी झाक उतरते आणि नंतर काढायला त्रास देते. समोर रंगवलेली भिंत असली की तिचाही रंग चेहऱ्यावर येतो. फिकट पिवळसर किंवा मातकट भिंत त्वचेला ऊब देते, गर्द लाल किंवा निळी भिंत दोघांना आजारी दाखवते.

झाडाखाली उभं करताना एक गोष्ट मी कधीच चालवून घेत नाही: चेहऱ्यावर कवडसे. पानांतून गळणारे ते ठिपके जमिनीवर फार देखणे दिसतात, पण एका डोळ्यावर ऊन आणि दुसऱ्यावर सावली असा चेहरा कुठल्याच एडिटिंगने सुधारत नाही. वारा असेल तर ते हलतात, म्हणजे आत्ता ठीक दिसलेला चेहरा शटर दाबेपर्यंत ठिगळांचा होतो. झाड दाट असेल तर खोडाजवळ जा, विरळ असेल तर दुसरी जागा बघा. कवडसे पाठीमागे, बॅकग्राउंडमध्ये असले तर मात्र खुशाल असू द्या.

बॅकग्राउंडचाही हिशेब आत्ताच करायचा. पूर्ण ऊन आणि मोकळी सावली यांत सहज तीन-चार स्टॉपचा फरक असतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). चेहरे सावलीत आणि मागे उन्हात न्हालेली पांढरी भिंत असेल, तर चेहऱ्यासाठी एक्सपोजर (कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते प्रमाण) लावल्यावर ती भिंत पूर्ण जळेल, म्हणजे तपशील जाऊन नुसती पांढरी होईल. म्हणून मागे शक्यतो सावलीतलंच काहीतरी यावं: झाडांची गर्द रांग, व्हरांड्याची खोल बाजू, अंधारं दार. समोर उजेड, मागे अंधार, अशी मांडणी मिळाली की त्या जागी अर्धा तास रमायला हरकत नाही.

सावलीच नसेल तेव्हा

समुद्रकिनारा, माळरान, डोंगरमाथा. इथे छत नाही. आता दोघांच्या शरीरानेच सावली तयार करायची असते, आणि जोडप्याचा फोटो एका माणसाच्या फोटोपेक्षा अवघड होतो तो इथेच. एकट्या माणसाला वळवून उजेड जुळवता येतो. दोघांमध्ये एकाला साधणारी बाजू दुसऱ्याला मारक ठरते, आणि एकाचं डोकं दुसऱ्याच्या तोंडावर सावली टाकतं.

यासाठी एक नियम पक्का ठेवा. दोघांना जोडणारी एक रेषा मनात काढा, आणि जमिनीवर सावल्या ज्या दिशेला पडल्या आहेत ती दुसरी रेषा. या दोन रेषा एकमेकींना काटकोनात हव्यात. म्हणजे सूर्य दोघांच्या मागे असेल किंवा दोघांच्या समोर असेल, पण दोघांपैकी एकाच्या बाजूला कधीही नसेल. बाजूला असला की सूर्याकडचा माणूस दुसऱ्यावर सावली टाकणारच. ते एकमेकांकडे बघत असतील तर एकाचा चेहरा उन्हाने पांढरा आणि दुसऱ्याचा काळवंडलेला, असा दोन टोकांचा फोटो येतो.

दोन्ही पर्यायांत मी बहुतेक वेळा सूर्य मागे ठेवतो. ओळखायची खूण सोपी आहे: त्यांच्या सावल्या तुमच्या पायांच्या दिशेने यायला हव्यात. आता दोघांचेही चेहरे त्यांच्याच डोक्याच्या सावलीत आले, डोळे किलकिले करायची गरज उरली नाही, आणि केसांना व खांद्यांना उजळ कड मिळाली. एकमेकांकडे वळून उभे राहिले तरी दोघांचा कॅमेऱ्याकडचा गाल सारख्याच सावलीत राहतो.

या मांडणीत नाकाकडे सतत लक्ष ठेवा. सूर्य मागे असला तरी उंच आहे, त्यामुळे मान थोडी वर झाली की नाकाच्या शेंड्यावर किंवा गालाच्या उंचवट्यावर उन्हाचा पांढरा डाग पडतो. छोट्या स्क्रीनवर तो दिसत नाही, मोठ्या स्क्रीनवर दुसरं काही दिसत नाही. डाग दिसला की हनुवटी जरा खाली घ्यायला सांगा किंवा दोघांना मिळून पाच-दहा अंश वळवा. कपाळावर पसरलेल्या उन्हाचंही तसंच.

सूर्य अगदी माथ्यावर असेल तर ‘मागे’ अशी बाजूच उरत नाही. तेव्हा चेहऱ्याच्या तीन अवस्था लक्षात घ्या. सरळ समोर बघणारा चेहरा सगळ्यात वाईट, कारण वरून येणाऱ्या उन्हात प्रत्येक उंचवटा खाली सावली टाकतो. पूर्ण वर केलेला चेहरा चांगला, कारण आता ऊन समोरून येतं. डोळे मिटून दोघांनी आकाशाकडे तोंड केलं तर त्वचा एकसारखी उजळते आणि भावही शांत येतो. खाली झुकलेला चेहराही चांगला, कारण ऊन केसांवर थांबतं आणि चेहऱ्याला जमिनीवरून परतलेला मऊ उजेड मिळतो. म्हणून कपाळाला कपाळ लावून खाली बघणं, हातातल्या हाताकडे बघणं, एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकणं, या पोझ भर दुपारी फार उपयोगी पडतात. फिकट वाळूवर त्या विशेष खुलतात.

कपाळाला कपाळ लावताना दोघांमधली फट किती, हे बघा. चार बोटांची फट राहिली तर त्यातून उन्हाची पट्टी नेमकी दोघांच्या नाकांवर उतरते. एक तर पूर्ण जवळ घ्या किंवा हातभर लांब ठेवा. उंचीत बराच फरक असेल तर उंच व्यक्तीला सपाट उभं राहू देऊ नका. पाय फाकवून, पायरीवर बसवून किंवा टेकून उभं करून डोळ्यांची पातळी जवळ आणा. गालावर ठेवलेला हात, कपाळावर आलेली बट, टोपीची कड, या प्रत्येकाची सावली दुपारी धारदार पडते. टोपी घालायची असेल तर तिची सावली हनुवटीपर्यंत पुरी यावी. डोळ्यांवरून अर्धवट कापत जाणारी सावली नको.

तुम्ही स्वतः उंचावर जा. दोन पायऱ्या, एखादा दगड, छोटं स्टूल, काहीही. वरून फोटो काढला की दोघं वर बघतात, चेहरे आकाशाकडे कलतात, डोळ्यांच्या खोबणीत उजेड शिरतो. शिवाय मागे जळालेल्या आकाशाऐवजी जमीन, गवत किंवा पाणी येतं. अवघड दुपारी एवढ्या एका बदलाने मोठा फरक पडलेला मी पाहिला आहे, म्हणून घडीचं स्टूल माझ्या सामानात कायम असतं.

दोघांनी कॅमेऱ्याकडे बघायचंच असेल आणि ऊन डोळ्यांत जात असेल, तर त्यांना डोळे मिटायला सांगा, तीन मोजा आणि तीनवर उघडायला सांगा. उघडल्यावर पहिला क्षणभर डोळे मोठे आणि मोकळे असतात. तेवढ्यात तीन-चार फ्रेम घ्या. हे पुन्हा पुन्हा करू नका, डोळ्यांना त्रास होतो. मधल्या वेळात त्यांना गडद झाडी किंवा जमिनीकडे बघायला सांगा.

कॅमेऱ्याचे आकडे

निरभ्र उन्हासाठी फिल्मच्या काळापासून चालत आलेला हिशेब आजही बरोबर आहे: एफ/१६ वर शटर स्पीड म्हणजे एक भागिले आयएसओ. (एफचा आकडा लेन्सचं छिद्र, म्हणजे अॅपर्चर, किती उघडं आहे ते सांगतो: आकडा लहान तितकं छिद्र मोठं. आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता.) आयएसओ १०० ला एफ/१६ वर साधारण १/१०० सेकंद. त्यावरून बाकीचे आकडे निघतात. एफ/८ ला १/४००, एफ/५.६ ला १/८००, एफ/४ ला १/१६००, एफ/२.८ ला १/३२००. हे उन्हात असलेल्या गोष्टींसाठी. सूर्य मागे ठेवून चेहरा सावलीत असेल तर त्याला दोन-तीन स्टॉप जास्त उजेड द्यावा लागतो.

दोन माणसं असली की अॅपर्चर फार उघडू नये. ८५ मिमी लेन्स, फुल फ्रेम कॅमेरा आणि दोन मीटर अंतर धरलं तर एफ/१.८ ला स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम सहा सेंटिमीटरचा असतो, एफ/४ ला तेरा सेंटिमीटरच्या आसपास. एक जण अर्धं पाऊल मागे असला तर सहा सेंटिमीटरमध्ये दोघांचे डोळे बसणारच नाहीत. मी एफ/४ ते एफ/५.६ मध्ये राहतो आणि दोघांचे डोळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येतील असं बघतो. दुपारी उजेड मुबलक असतो, तेव्हा हा खर्च परवडतो.

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर उन्हात फसतो. चौकटीत पांढरी वाळू किंवा उजळ आकाश जास्त असलं की कॅमेरा सगळंच मध्यम करड्याकडे ओढतो आणि चेहरे काळवंडतात. सूर्य मागे असेल तर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड हाताने कमीजास्त करण्याची सोय) +१ पासून सुरू करा, गरज पडली तर +२ पर्यंत जा. स्पॉट मीटरिंग (फक्त एका छोट्या जागेचा उजेड मोजणं) येत असेल तर चेहऱ्यावर मोजा. जागा आणि ऊन बदलत नसेल तर मॅन्युअल मोडवर आकडे पक्के करणं सगळ्यात सोयीचं. दोघं चालली, वळली, बॅकग्राउंड बदललं तरी चेहऱ्याचा उजेड तोच राहतो.

मग हिस्टोग्राम (फोटोत गडद ते उजळ भाग किती, हे दाखवणारा आलेख) बघा. उन्हात स्क्रीनच्या उजेडावर विश्वास ठेवता येत नाही. तिथे बरोबर वाटलेला फोटो घरी फार वेगळा निघू शकतो. जळालेले भाग स्क्रीनवर लुकलुकत दाखवण्याची सोय चालू ठेवा. केसांची कड लुकलुकली तर सोडून द्या, तेवढं चालतं. कपाळ, गाल किंवा पांढऱ्या कपड्याचा मोठा भाग लुकलुकला तर एक्सपोजर कमी करा. फाइल रॉमध्येच (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ स्वरूपात) घ्या. सावलीतून नंतर बरंच वर काढता येतं, पूर्ण जळालेल्या त्वचेतून काहीच परत येत नाही.

दोघांच्या त्वचेच्या वर्णात फरक असेल तर तो उभं करण्यातून सांभाळा. ज्याची त्वचा जास्त उजळ आहे त्याला उजेडापासून किंचित दूर ठेवा, गडद त्वचेच्या व्यक्तीला उजेडाकडे. एक्सपोजर उजळ त्वचेवर जळू न देता लावा. दोघांचाही खरा वर्ण फोटोत यावा. एकाला उजळवून दुसऱ्याशी जुळवणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाच्या रंगानुसार फोटोचा रंग जुळवणारी सोय, ऑटोवर सोडू नये. थेट ऊन साधारण ५२०० ते ५५०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप; आकडा वाढला की उजेड निळसर) असतं, पण मोकळ्या सावलीत उजेड निळ्या आकाशातून येतो आणि ७००० केल्विनच्या पुढे जातो. म्हणून सावलीत त्वचा निळसर, थंड दिसते. सावलीसाठी कॅमेऱ्यात असलेला पर्याय निवडा किंवा आकडा हाताने ठेवा, म्हणजे सगळे फोटो निदान एकाच रंगाचे येतील.

सूर्य मागे असताना लेन्स हूड (लेन्सच्या तोंडाला लावायचा आडोसा) लावा. तरीही चित्र धुरकट वाटलं तर मोकळ्या हाताने लेन्सवर सावली धरा, कॉन्ट्रास्ट लगेच परततो. आणि ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून थेट सूर्याकडे कधीही बघू नका, लांब लेन्स असेल तर मुळीच नाही. डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. कॅमेरा सूर्याकडे रोखून ठेवणंही टाळा, त्याच्या आतल्या भागांना ते सोसत नाही.

रिफ्लेक्टर, डिफ्यूझर, फ्लॅश

मदतनीस असेल तर तीन साधनं कामाची. एकटे असाल तर वाऱ्यात यातलं काहीच धड उभं राहत नाही, मग जागा निवडण्यावरच भर द्या.

रिफ्लेक्टरची पांढरी बाजू वापरा. चंदेरी बाजू भर उन्हात आरशासारखी लागते, दोघं डोळे मिटून घेतात. सूर्य मागे असताना पांढरा रिफ्लेक्टर समोरून, छातीच्या ते चेहऱ्याच्या उंचीवर, जरा बाजूला धरायला सांगा. जमिनीलगत धरून खालून मारलेला जोरदार उजेड चेहरा विचित्र करतो. ११० सेंमीचा गोल रिफ्लेक्टर एका माणसाला छान पुरतो. दोघांसाठी दीड-दोन मीटरचा असेल तर दोघांवर उजेड सारखा पडतो.

डिफ्यूझर म्हणजे ताणलेलं अर्धपारदर्शक पांढरं कापड. ते दोघांच्या डोक्यावर, चौकटीच्या जेमतेम बाहेर धरलं की धारदार ऊन मऊ होतं. जितकं जवळ तितकं मऊ. पण ते एक ते दोन स्टॉप उजेड खातं, त्यामुळे उन्हातलं बॅकग्राउंड तेवढंच जास्त उजळ दिसू लागतं. गडद बॅकग्राउंडसमोर हे साधन उत्तम, समुद्रासमोर तितकंसं नाही. पांढरी छत्री असेल तर ती दोघांच्या हातातच द्या. फोटोत शोभते आणि डिफ्यूझरचं कामही करते.

फ्लॅशचा उपयोग चेहऱ्यावरच्या सावल्या हलक्या भरण्यासाठी. ताकद सभोवतालच्या उजेडापेक्षा एक ते दीड स्टॉप कमी ठेवा, म्हणजे फ्लॅश मारल्याचं जाणवत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशबरोबर शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे जात नाही, आणि त्या वेगाला आयएसओ १०० वर उन्हात एफ/११ लागतो. एफ/११ ला छोटा फ्लॅश दोन-तीन मीटरच्या पुढे फिका पडतो, सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) लावला तर आणखी लवकर. हाय स्पीड सिंक लावून शटर वाढवता येतं, पण त्यात फ्लॅशची ताकद दोन स्टॉप किंवा त्याहून जास्त घटते आणि तो लवकर तापतो. मला यापेक्षा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी गडद काच) बरा वाटतो. चार स्टॉपचा फिल्टर लावला की एफ/२.८ ला १/२०० वर काम होतं आणि फ्लॅश आपल्या पूर्ण ताकदीने चालतो. छोट्या फ्लॅशवर उन्हाशी टक्कर घ्यायचीच असेल तर तो जवळ आणा; अंतर निम्मं केलं की उजेड चौपट होतो.

पोलरायझर हा लेन्सवर लावायचा फिल्टर दुपारी चांगला चालतो. तो पानांवरची, पाण्यावरची आणि घामेजलेल्या त्वचेवरची चकाकी कमी करतो, बदल्यात दीड-दोन स्टॉप घेतो. त्याचा आकाशावरचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांवर सर्वांत जास्त असतो. सूर्य माथ्यावर असेल तर ही जागा क्षितिजाभोवती चहूकडे येते, म्हणून कुठेही वळलात तरी क्षितिजाजवळचं आकाश गडद करता येतं. मात्र पूर्ण फिरवून त्वचेची सगळी चमक काढू नका, चेहरा निर्जीव दिसतो.

दोघांना आधी काय सांगायचं

कपडे मध्यम रंगाचे असावेत. शुभ्र पांढरं उन्हात जळतं, गडद काळं तापतं आणि तपशील गमावतं, चकचकीत कापड ठिपक्यांनी भरतं. भडक रंगाच्या शर्टाची झाक हनुवटीवर येते, आणि मिठीत ती दुसऱ्याच्या गालावरही उतरते.

चष्मा लावणारं कुणी असेल तर काचा उन्हात काळ्या होतात का, हे आदल्या दिवशीच विचारा. अशा काचा अतिनील किरणांनी गडद होतात, मोकळ्या सावलीतही बऱ्यापैकी गडद राहतात, आणि नंतर डोळे शोधावे लागतात. साध्या काचांचा चष्मा बरोबर आणायला सांगा.

सनस्क्रीन लावायचंच. पण झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेलं सनस्क्रीन जाड लावलं तर चेहरा पांढुरका दिसतो, फ्लॅशमध्ये जास्तच. ते आधीच लावून नीट जिरू द्यावं. घाम पुसायला टिपकागद किंवा मऊ रुमाल ठेवा आणि टिपून घ्या, चोळू नका.

वेळेची आखणी अशी करा की सुरुवात सावलीत होईल. माणसं मोकळी व्हायला थोडा वेळ लागतो, तो उन्हात घालवू नये. उन्हातलं काम आधी ठरवून ठेवा, पाच-सात मिनिटांत उरका आणि पुन्हा सावलीत या. पाणी प्यायला थांबा. तापलेला, दमलेला चेहरा कुठल्याही उजेडात दमलेलाच दिसतो.

मोबाइल असेल तर

वरचं जवळजवळ सगळं मोबाइललाही लागू आहे. आधी लेन्स पुसा. उन्हात बोटाचा ठसा सगळं चित्र धुरकट करतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरून फोकस आणि एक्सपोजर पक्कं करा, मग बोट वरखाली सरकवून उजेड जुळवा. शक्य असेल तर दुप्पट झूमची लेन्स वापरा, चेहऱ्यांचा आकार नैसर्गिक येतो. पोर्ट्रेट मोड दोघांसाठी जपून वापरा, कारण उजळ कडेचे केस आणि दोघांमधली फट यांत तो वारंवार गोंधळतो. मोबाइल उन्हात ठेवू नका. तापला की स्क्रीन मंद होते आणि कॅमेराही अडखळतो.

कडक ऊन हवंच असेल तेव्हा

काही फोटो दुपारीच निघतात. रंग भरून येतात, सावल्या रेखीव पडतात. मोठी, साधी, उन्हाने उजळलेली भिंत शोधा, एक्सपोजर उन्हासाठी लावा आणि सावल्यांना पूर्ण काळं होऊ द्या. दोघांना चालू द्या, धावू द्या, उडी मारू द्या. १/१००० च्या पुढचं शटर उडते केस आणि कपड्याची घडीन्‌घडी पकडतं. जाळी, शिडी, खिडकीचे गज यांच्या सावल्यांचे पट्टे दोघांवर घ्यायचे असतील तर डोळे पट्ट्याच्या पूर्ण आत किंवा पूर्ण बाहेर ठेवा. कमानीच्या आत अंधारात दोघांना उभं करून बाहेरच्या उन्हासाठी एक्सपोजर लावलं की स्वच्छ सावलीचित्र मिळतं. त्यासाठी दोघांच्या चेहऱ्यांमध्ये फट हवी, नाहीतर दोन माणसांचा एकच आकार होतो.

अशा फोटोंसाठी कृष्णधवल मला विशेष आवडतं. रंग गेले की सावलीतली निळसर आणि हिरवट झाक हा प्रश्नच उरत नाही, आणि धारदार कडा चित्राचा आधार बनतात.

घरी आल्यावर

जागेनुसार फोटो वेगळे करा: मोकळी सावली, सूर्य मागे, थेट ऊन. प्रत्येक गटातला एक फोटो नीट सुधारा आणि तेच बदल त्या गटातल्या बाकीच्यांना लावा. तिन्ही गटांना एकच प्रीसेट (आधीच ठरवलेल्या बदलांचा संच) लावला तर कुणाचीच त्वचा धड येत नाही.

मोकळ्या सावलीच्या फोटोंत आधी तापमान उबदार करा. हिरवट झाक असेल तर टिंट किंचित मॅजेंटाकडे सरकवा, आणि ती फक्त गळ्याखाली असेल तर तेवढ्याच भागावर ब्रश फिरवून हिरव्याचं सॅच्युरेशन उतरवा. सूर्य मागे असलेल्या फोटोंत शॅडो वर काढताना चेहऱ्यापुरताच मास्क (बदल ठरावीक भागापुरता ठेवणारी निवड) वापरा. सगळ्या चित्राच्या सावल्या उचलल्या की मागची गर्द झाडी राखाडी होते, आणि जिच्यामुळे चेहरे उठून दिसत होते ती खोलीच जाते. थेट उन्हाच्या फोटोंत क्लॅरिटी (बारीक तपशिलांचा कॉन्ट्रास्ट) वाढवू नका, त्वचेसाठी उलट ती थोडी कमी करा. डोळ्यांच्या खोबणीतला अंधार अर्ध्या-पाऊण स्टॉपपर्यंत उचलता येतो. त्याच्या पुढे गेलात तर डोळे चेहऱ्यापासून वेगळे, चिकटवल्यासारखे दिसतात. तिथे थांबा आणि त्याच जोडप्याचा सावलीतला दुसरा फोटो निवडा.